पॉइंट चार डेसिबल

माझा मामा रेडिओ फ्रीक्वेन्सी सर्किट्सवर संशोधन करतो, हे वाक्य आमच्या घरात कुणालाच धड म्हणता येत नाही. नातेवाइकांनी ते सोपं करून 'रेडिओचं काहीतरी' एवढंच ठेवलंय. त्यामुळे पूर्वी लोक बंद पडलेले रेडिओ घेऊन यायचे. मामाला रेडिओ दुरुस्त करता येत नाही. हे कळलं की ते मामीकडे अशा नजरेनं बघायचे, जणू बाईची लग्नात फसवणूकच झालीय.

मामाला विद्यापीठात सव्वीस वर्षं झाली. त्यातली अकरा त्यानं एकाच अँप्लिफायरला वाहिली. अँटेनातून येणारा सिग्नल फार अशक्त असतो. तो मोठा करताना सर्किटनं स्वतःचा गोंगाट त्यात मिसळायचा नसतो. हा गोंगाट डेसिबलमध्ये मोजतात. मामाचा आकडा आला पॉइंट पाच. इतका कमी तेव्हा कुणाचाच नव्हता. नऊ वर्षांपूर्वी पेपर छापून आला. पहिलं नाव अर्थातच सरांचं, म्हणजे मामाच्या गाइडचं. त्यांनी ते सर्किट एकदा दारातून बघितलं होतं.

त्या पेपरवर मामा सहयोगी प्राध्यापक झाला आणि तिथंच अडकला. प्रोफेसरपदाच्या दोन मुलाखती हुकल्या. तिसरी या वर्षी होती आणि वयाच्या नियमानं शेवटची. मामी तर बहिणींशी बोलताना त्याला कधीपासून 'आमचे प्रोफेसर' म्हणत होती. ऑर्डर तेवढी यायची राहिली होती.

अधूनमधून कुणीतरी मामाला लिहायचं, की तुमचंच सर्किट बनवलं, पण आकडा पॉइंट नऊच्या खाली येत नाही. मामा सगळ्यांना एकच उत्तर पाठवायचा: सोल्डरिंग तपासा, ग्राउंडिंग बघा. दुसऱ्या एका विद्यापीठातल्या मुलीनं तीनदा लिहिलं. तिची पीएचडी त्या आकड्यावर अडली होती. तिसऱ्यांदा मामानं कळवलं, की हाताला सफाई यायला वेळ लागतो. ते उत्तर त्यानं मला मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं होतं.

मग लॅबमधला जुना नॉइज मीटर, ज्यावर तो पॉइंट पाच मोजला होता, भंगारात काढायचं ठरलं. कागदावर सही करण्याआधी मामानं तो एकदा चालू करून बघितला. जुनं सेटिंग अजून मेमरीत होतं. अँप्लिफायरच्या आधी जी केबल लागते, ती पॉइंट चार डेसिबल खाते. तेवढे मोजमापातून वजा करावे लागतात. मामा ते वहीत, हातानं, न चुकता वजा करत आला होता. मीटरही ते आतल्या आत वजा करत होता. मशीनमध्ये तो आकडा कुणी भरून ठेवला होता? बहुधा मामानंच. म्हणजे तेच पॉइंट चार दोनदा वजा झाले होते. खरा आकडा पॉइंट नऊ. वाईट नाही, चारचौघांचा असतो तसा.

मुलाखतीला तेरा दिवस होते. मामानं रिटायर झालेल्या सरांना फोन केला. सर शांतपणे म्हणाले, "अरे, नऊ वर्षं कुणाला दिसलं नाही. तेरा दिवस तुलाही दिसू नये?"

मामीनं ताट वाढता वाढता विचारलं, "ते मशीन भंगारात गेलं ना?"

"उद्या जाईल."

"मग आज कशाला लिहायला बसलाय?"

मामानं त्याच दिवशी लिहिलं. जर्नलला आणि त्या मुलीलाही. मी त्याला जरा चिडवलं, की प्रामाणिकपणाचं बक्षीस वेगळं मिळतं का. त्यावर तो एवढंच म्हणाला, "तिनं तिसऱ्या पत्रात माझी माफी मागितली होती रे. वेळ घेतला म्हणून."

चार दिवसांनी तिचं उत्तर आलं. संशोधन सोडून तिला चार महिने झाले होते. आता ती एका विमा कंपनीत फॉर्म तपासते. शेवटी तिनं मामाला पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा दिल्या होत्या. त्या खऱ्या की टोमणा, यावर मामानं दोन दिवस घालवले.

मुलाखत पंधरा मिनिटांत आटोपली. ज्याला अकरा वर्षांत एक केबल सांभाळता आली नाही, त्याच्या हाती विभागाचं संशोधन कसं द्यायचं, असं समितीनं विचारलं. चूक मीच शोधली, असं मामानं सांगितलं. तेही त्यांनी त्याच्या विरोधातच लिहून घेतलं. जागा गेली दुसऱ्या एका उमेदवाराला, स्लाइडवाल्यांना. हे नाव त्यांना मामानंच ठेवलंय, कारण त्यांचं संशोधन म्हणे पडद्यावरच जास्त चमकतं. त्यांचे आठ पेपर मामाच्या पॉइंट पाचवर उभे आहेत. त्याबद्दल त्यांना कुणी छेडलं नाही. त्यांनी कुठं काही शोधलं होतं?

नव्या प्रोफेसरांनी आल्या आल्या नियम केला: विभागातून जाणाऱ्या प्रत्येक पेपरची मोजमापं आधी मामानं तपासायची. "चूक काढावी तर तुम्हीच, सर," असं ते भर मीटिंगमध्ये म्हणाले आणि सगळे हसले. पेपरवर मामाचं नाव नसतं. असते ती आतल्या कागदावर सही.

गेल्या महिन्यात खुद्द स्लाइडवाल्यांचा पेपर टेबलावर आला. त्यातला एक आकडा मामाला फारच देखणा वाटला. मामाची कळी खुलली. मामी सांगते, त्या आठवड्यात तो आंघोळ करताना गुणगुणत होता. चार दिवस त्यानं लॅबमध्ये बसून ते सर्किट स्वतः मोजलं. केबल बदलून मोजलं, मीटर बदलून मोजलं.

आकडा बरोबर होता.

मामानं सही केली आणि कागद स्वतःच्या हातानं स्लाइडवाल्यांच्या केबिनमध्ये नेऊन दिला. त्यांनी त्याला बसा म्हटलं. तो बसला नाही.