चौदापैकी सहा

मी कॉमिक्स लिहितो आणि काढतो. गेली सव्वीस वर्षं आमचं घर याच कामावर चाललं आहे. सुरुवात लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांच्या पाट्या रंगवण्यापासून झाली. मग पॉइंटवर पर्यटकांची व्यंगचित्रं काढली, आणि मग मुलांच्या एका मासिकात दर महिन्याला एक पान मिळालं. त्या पानावर नेहमी आठच चौकटी असतात. संपादकांना वाटतं ती जागेची सोय आहे. खरं कारण केरवा ताल आहे. त्याच्या मात्रा आठ. मला गाण्याचं वेड आहे, गळा नाही, पण मात्रा मोजता येतात.

तेवढ्यावरच वराळ्यातल्या आमच्या गायन पार्टीत मला खंजिरी मिळाली. रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की तालीम. पेटीवर भाऊ, ढोलकीवर त्यांचा मेहुणा, मागे कोरसला पाच-सहा जण आणि पुढं आबा. आबा आमचे मुख्य गायक. वय त्र्याहत्तर. एकतीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात, पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसवर काढली. जयंतीला विहारासमोरचं पहिलं गाणं त्यांचं. माझ्या आठवणीत ते दुसऱ्या कुणी सुरू केलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका तालमीत मला जाणवलं की कडव्यानंतर पेटीचा तुकडा संपतो तेव्हा आबा उशिरा उठतात, म्हणजे पुढची ओळ उशिरा धरतात. कधी एक मात्रा, कधी दोन. कधी वेळेवर उठायचे, पण सूर अर्धा चढलेला असायचा. मान डावीकडे कलती ठेवून गायची सवयही तेव्हाच लागली. पार्टीतल्या सगळ्यांना हे कळत होतं. पण ज्यांनी आपल्याला शिकवलं त्यांना "आबा, चुकलं" असं कोण म्हणणार? भाऊ अशा वेळी भात्यावरचा हात हलका करून पेटी बारीक करायचे. ढोलकीवाला एक आवर्तन जास्त फिरवायचा. कोरस जरा मोठ्यानं म्हणायचा. आबांना सांभाळून घेणं ही आमची रीत झाली होती आणि तिचा आम्हाला अभिमानही होता.

मी मात्र मोजत होतो. खिशातल्या रेखाटनांच्या वहीत दर रविवारी एका कोपऱ्यात लिहायचो : गाण्यात उठायच्या जागा किती, चुकल्या किती. सुरुवातीला चौदापैकी एक. काही महिन्यांनी चौदापैकी तीन. हा आकडा वाढतच चालला आहे हे माझ्याइतकं नेमकं कुणालाच माहीत नव्हतं.

त्या माहितीचं मी काय केलं? मी तिचं कॉमिक्स केलं. मफलर गुंडाळलेले एक गायक आजोबा. ते गायला लागले की म्हशी दावं तोडतात. गाणं संपून सतरंजी गुंडाळली जाते, तेव्हा आजोबा तान घेतात. मुलांनी ते डोक्यावर घेतलं. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याच पात्राला एवढी पत्रं आली नव्हती. मी स्वतःला सांगायचो की हे प्रेमानं काढलेलं आहे. ते खोटं नव्हतं. खोटं नव्हतं म्हणूनच ते कारण मला इतके दिवस पुरलं.

यंदा फेब्रुवारीत त्या पानांचं पुस्तक निघालं. पुढच्याच रविवारी आबा ते काखेत मारून तालमीला आले. त्यांच्या सुनेनं ते त्यांना आदल्या दिवशी वाचून दाखवलं होतं.

"ह्यो म्हातारा कोण रं?" त्यांनी मुखपृष्ठावर बोट ठेवलं.

"कुणी नाही आबा. असाच एक."

"असाच? मग त्या म्हाताऱ्याला माझा मफलर कुटनं गावला?"

सगळे हसले. भाऊ म्हणाले, "आबा, तुमी पुस्तकात गेलात. आमी बसलो हितंच पेट्या बडवत."

"तू गप. तू आलास तर म्हशीबी पुस्तक सोडून पळतील." आबाही हसत होते. मला वाटलं, सुटलो. मग ते माझ्या अगदी समोर बसले, पान उलटलं आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "ह्यो दर येळी उशिरा उठतोय. मी उशिरा उठतो व्हय?"

ढोलकीवाला उगाच दोऱ्या ओढत बसला. भाऊंनी पेटीचं झाकण पुसलं.

"ह्यांना न्हाई इचारत. तुला इचारतोय. किती येळा?"

मला आकडा विचारला की खोटं बोलता येत नाही. "मागच्या रविवारी चौदापैकी सहा."

"मोजत व्हतास?"

"हो."

"कदीपासनं?"

"दोन वर्षं झाली, आबा."

त्यांनी पुस्तक मिटलं. "म्हंजी दोन वर्सं तुला ठावं व्हतं. मला न्हाई सांगितलंस. मासिकाला सांगितलंस."

ते रागावून म्हणाले असते तर मला सोसलं असतं. ते हिशेब पडताळावा तसे म्हणाले, आणि हिशेब बरोबर होता.

चूक गळ्याची नव्हती, कानाची होती. बुधवारी मी त्यांना गाडीतून तळेगावच्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या बंद खोलीत कानाला हेडफोन लावून बसायचं आणि आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेरून त्यांचा अंगठा बघत होतो. सुरुवातीला तो पटापट दाबत होता, मग बराच वेळ तसाच राहिला. तपासणीच्या कागदावरची रेघ उजवीकडे खाली खाली गेली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रेसच्या आवाजानं गेलेलं परत येत नाही. कानाला मशीन लावा. मी विचारलं, दोन वर्षं आधी आलो असतो तर? त्यांनी सरळ उत्तर दिलं. गेलेलं तेव्हाही आलं नसतं, पण मशीनची सवय व्हायला सोपं गेलं असतं, आता वेळ लागेल. आबा शेजारीच बसले होते. त्यांना यातलं किती ऐकू आलं ते मला माहीत नाही.

मशीन लावून ते पहिल्यांदा तालमीला आले तेव्हा जयंतीला पाच आठवडे होते. भाऊंनी स्वर दिला. आबा दचकले. "पेटी हाय का पत्रा पडला?" म्हणाले. तरी दोन ओळी गायले आणि थांबले. "मी असा गातो?" ढोलकीवाल्यानं पुन्हा दोऱ्या ओढायला घेतल्या. या वेळी मी बोललो. "वरच्या सुराला चढता, आबा. बाकी ठीक आहे." त्यांनी मान हलवली. पुढचे तीन रविवार ते आले, मशीन कमी-जास्त करत बसले, आणि चौथ्या रविवारी त्यांनी पहिलं गाणं सुनेला दिलं. ती कोरसमध्ये उभी राहायची. तिनं चांगलं गायलं. सगळ्या जागांवर वेळेवर उठली. आबा जयंतीच्या दिवशी पुढं खुर्चीवर बसून होते, टाळ्या देत होते. मी त्या दिवशी काही मोजलं नाही, पण त्यांची प्रत्येक टाळी किंचित मागे पडत होती, हे मोजल्याशिवायही कळत होतं.

मी त्यांना म्हणालो, आजोबांचं पान बंद करतो.

"बंद कशापायी? पोरं हसत्यात. पर हितनं पुढं आदी मला वाचून दावायचं. मग मासिकाला."

तेव्हापासून पान पाठवायच्या आधी मी त्यांच्या ओटीवर जातो. घरी ते मशीन काढून ठेवतात, त्यामुळे ओरडून वाचावं लागतं. ऐकू न येणाऱ्या आजोबांवर केलेला विनोद, ऐकू न येणाऱ्या माणसाच्या कानात, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा. आत सून भाकऱ्या थापताना थांबते. टेबलावर जो विनोद हलका वाटला होता, तो ओरडून म्हणताना कसा लागतो ते मला प्रत्येक वेळी कळतं. बऱ्याचदा आबा हसतात. कधी "पुन्यांदा वाच" म्हणतात, आणि मी पुन्हा ओरडतो.

मागच्या महिन्यात शेवटची चौकट मी तीनदा वाचली. ते हसले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. पान गुंडाळून उठावं असं वाटलं. तसा मी दोन वर्षं दर रविवारी काही न सांगता उठत आलो होतो. म्हणून बसून राहिलो आणि विचारलं, "आबा, ऐकू आलं का?"

"न्हाई," ते म्हणाले. "पर तुझं त्वांड बघून कळलं. इनोद काय धड न्हाई."

ते पान मी पाठवलं नाही.