खिडकीच्या मापाची गादी

घरोघरी जाऊन गॅस गिझर तपासणाऱ्या आमच्या संस्थेच्या ऑफिसात काचेच्या पट्ट्यांचे ढीग आहेत. बाथरूमच्या छोट्या खिडकीत एकाखाली एक बसवलेल्या असतात ना, त्या. गॅस गिझर आहे आणि खिडकी बंद आहे असं दिसलं, की घरच्यांना पटवून संस्था चालवणाऱ्या ताई पट्ट्या काढून घेतात आणि सोबत घेऊन येतात. तिथेच ठेवल्या तर आपली पाठ फिरताच लोक परत बसवतात, हा त्यांचा अनुभव. प्रत्येक पट्टीवर घराचा नंबर. ज्याला हवी त्याने ऑफिसात यावं, ताईंच्या समोर बसून मागावी. नऊ वर्षांत चार जण आले आणि चौघेही चहा पिऊन रिकाम्या हाताने परत गेले.

मी गिझर बसवणारा मिस्तरी. गुडघ्यांनी दगा दिला, शिडी झेपेना, म्हणून ताईंकडे तपासणीच्या कामाला लागलो. त्यांचं-माझं काही जमेना. सभेत त्या सांगत, माझी सतरा वर्षांची लेक आंघोळीला गेली, पाणी वाहतच राहिलं, दार फोडलं तेव्हा ती संपली होती. कोंदट जागेत गॅस जळला की विषारी हवा साठते, तिला ना वास ना रंग. शेवटी म्हणत, "खिडकी बंद होती." बस, एवढंच. मग लोक हळहळत आणि कुणीतरी हमखास म्हणे, मिस्तरीचाच हलगर्जीपणा. ताई गप्प. माझं डोकं फिरायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी! बरं, मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. शेकड्यांनी गिझर बसवले, किती ठिकाणी खिडकी पाहिली, देव जाणे. म्हणूनच जास्त झोंबायचं.

ताई पूर्वी शिवणकाम करत. त्यांचं मशीन ऑफिसच्या कोपऱ्यात चादरीखाली पडून असतं. एकदा माझ्या शर्टाचं बटण तुटलं, तर मी गमतीने म्हटलं, द्या लावून. त्यांनी सुईदोरा माझ्यापुढे ठेवला आणि उठून गेल्या. काय हा ताठा, मी मनात म्हटलं.

परवा एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात गेलो. तरुण आई, चार महिन्यांचं बाळ. बाथरूमच्या खिडकीत उशी कोंबून वर चिकटपट्टी मारलेली. रोज सकाळी गिझर चालू ठेवून ही बाई दार लावून बाळाला तिथेच न्हाऊ घालायची. ताईंनी सगळं समजावलं, मीही माझ्या परीने घाबरवलं. ती ऐकेना. बाळाला न्यूमोनिया होऊन गेलेला, आता गार वाऱ्याची झुळूकही नको, असं डॉक्टर म्हणाले होते म्हणे.

"मावशी, तुमचं बरोबर असेल," ती म्हणाली, "पण दवाखान्यात आठ दिवस मी काढलेत. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं."

बळजबरी करायची नाही हा आमचा नियम. आम्ही निघालो. एक मजला उतरलो आणि ताई थांबल्या. मग वळून परत वर गेल्या. मी कुरकुरत मागे.

दार उघडताच त्यांनी पिशवीतून एक छोटी गादी काढली. कापूस भरलेली, कडेला गोट, वर निळी फुलं.

"हे मी शिवलंय," त्या म्हणाल्या. "लेकीची परीक्षा होती, केस धुताना गारठते म्हणाली. गिझर बसवणारा मिस्तरी दोनदा बजावून गेला होता, खिडकी बंद करू नका. मी दुपारी बसून हे शिवलं."

बाईने गादी हातात घेतली. गोटावरून बोट फिरवलं.

"शिवण किती सुबक आहे," ती हळूच म्हणाली.

"हो. अगदी मापात बसली होती."

बाईने बाळ माझ्याकडे दिलं, स्वतः स्टुलावर चढली आणि उशी ओढून काढली. काचेच्या पट्ट्याही तिनेच सोडवल्या. उद्यापासून बाळाला खोलीत घमेल्यात न्हाऊ घालते, असं तिने आपणहून सांगितलं. मला ताईंकडे बघवत नव्हतं. इतके दिवस मनातल्या मनात काय काय बोललो होतो त्यांना.

जिन्यात न राहवून विचारलंच, हे सभेत का नाही सांगत?

"तो मिस्तरी घसा फोडून सांगत होता, मी बजावलं होतं म्हणून," ताई म्हणाल्या. "कुणी ऐकलं नाही. मला विचारलं, तेव्हा मी नुसती रडले. त्याला कुणी काम देईना. आता आपल्या ऑफिसच्या मागच्या इमारतीच्या फाटकावर वॉचमन आहे."

मी म्हटलं, मग एकदा जाऊन भेटा त्याला.

त्यांनी गादीची घडी घालून पिशवीत ठेवली.

"त्या इमारतीत चाळीस घरं आहेत, मिस्तरी. सगळीकडे गॅस गिझर. नऊ वर्षं झाली, मी त्या फाटकातून आत गेलेली नाही."