नाकाची नोकरी

ड्रमखालचा जाळ विझलेला दिसला म्हणून मी माचिस काढली. तोंडात भाकरीचा घास होता. नागली उकळताना पाणी उतू गेलं होतं आणि बर्नर विझला होता. असं होतं कधी कधी. पुन्हा पेटवायचं, विषय संपला.

बाहेरून हाका ऐकू येत होत्या. मला वाटलं चहाला बोलावतात. म्हटलं, जाळ लावून जाऊ.

काडी ओढणार तेवढ्यात नागली निवडणारी जिजाबाई पळत आत आली. तिच्या एका गालात कापूस कोंबलेला होता. तिनं माझ्या हातावर असा फटका मारला की माचिस उडून पाण्याच्या टाकीत पडली.

"मरशील ना रं! आम्हालाबी घेऊन मरशील!"

तिनं सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला आणि मला दंडाला धरून बाहेर ओढलं. बघतो तर सगळी मंडळी फाटकाशी उभी, नाकाला रुमाल लावून. गॅसचा वास पार रस्त्यापर्यंत गेला होता. अन् मी सिलिंडरच्या बाजूला बसून ठेचा-भाकरी खात होतो.

शेड चालवणाऱ्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "गोरखभाऊ, तुम्हाला वास आला नाही?"

प्रश्न साधा हाय. पण माझी सगळी नोकरी त्याच प्रश्नावर होती. कारण ह्या युनिटमध्ये माझं काम वास घ्यायचं.

आता ते नीट सांगतो. आमची शेड नाशिकच्या बाहेर, सायखेड्याकडं जाताना लागते. काय करता असं कुणी विचारलं तर आधी मी इकडंतिकडं बघतो. कारण आम्ही चांगल्या नागलीला मुद्दाम बुरशी लावतो. नागली, म्हणजे नाचणी, पेठकडून येते. ती भिजवायची आणि उकळायची. दाणा फुगला पाहिजे, फुटला नाय पाहिजे. मग निथळून प्लास्टिकच्या पिशवीत भरायची, तोंडाला कापसाचा बोळा लावायचा. मग ऑटोक्लेव्ह. ऑटोक्लेव्ह म्हणजे माणूस मावेल एवढा प्रेशर कुकर. पिशवीत जे काय जिवंत असेल ते त्यात मरतं. पिशवी थंड झाली की मॅडम काचेच्या पेटीत हात घालून तिच्यात औषधी अळंबीचं बी सोडतात. दुधाला विरजण लावतात ना, तसं. फक्त हे दही लागायला काही आठवडे जातात. अंधाऱ्या खोलीत पांढरे धागे एकेका दाण्यावर चढतात आणि पिशवीची पार गादी होते. ती वाळवायची, दळायची, झालं पीठ.

हे उद्योग कशाला, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "नागलीत लोह असतं, कॅल्शियम असतं, पण कुलपात असतं. पोटाला ते सगळं काढून घेता येत नाही. अळंबी ते कुलूप आधीच उघडून ठेवते. प्रोटीनही थोडं वाढतं."

"म्हणजे घरफोडीच की."

"तसं समजा. पण कुणी विचारलं तर औषध म्हणायचं नाही. पीठ म्हणायचं."

मला लगेच पटलं. आमचे मास्तर म्हणायचे, गोरखच्या डोक्याला कुलूप हाय. म्हणून तर चौथीत शाळा सोडली. तेव्हा अळंबीचा उपाय कुणाला ठाऊक नव्हता.

मी लागलो होतो पोती उचलायला. एकदा मॅडम एक पिशवी ड्रायरकडं नेत होत्या. मी म्हटलं, मॅडम, ही आंबली. पिशवी वरून पांढरीशुभ्र होती. कापली, तर आत चिकट झालेली. हिरवी बुरशी डोळ्याला दिसते, पण आत बॅक्टेरिया शिरले तर बाहेरून पत्ता लागत नाय. ते नाकालाच कळतं. चांगल्या पिशवीला ओल्या लाकडाचा वास येतो, बिघडलेलीला शिळ्या ताकाचा. लॅबला सँपल जातं, पण रिपोर्ट यायला दिवस लागतात आणि तेही सगळ्या पिशव्यांचं जात नाय. तशी एक पिशवी ड्रायरमध्ये गेली की आजूबाजूचे ट्रेसुद्धा वास धरतात.

त्या दिवसापासून पिशव्या तपासायचं काम माझं, म्हणजे मी क्यूसीत. क्यूसी म्हणजे काय ते मला अजून नीट सांगता येत नाय. पण आमच्या मंडळींनी सगळ्या गल्लीत सांगून टाकलं, "आमचे हे क्यूसीत हायेत." शेजारचा कंडक्टर मला नमस्कार करायला लागला.

मग मेव्हणीचं लग्न निघालं येवल्याला. रात्रभर मांडवात उघड्यावर झोपलो. सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना वास घेऊन गेली. घरी दूध करपलं होतं, मी बासुंदी म्हणून प्यालो आणि वर वाटी चाटली. बायको खूश. कामावर मात्र माझी गाळण उडाली. कारण त्याच टायमाला पुण्याच्या कंपनीची ऑर्डर आली होती. आजारातून उठलेल्या माणसांसाठी ते लापशीचं पीठ बनवतात. आमची पहिली मोठी ऑर्डर. मॅडमनी कॉलेजातली नोकरी सोडून ही शेड टाकलेली, आणि तोवर नुसती सँपलंच वाटलेली. त्या म्हणाल्या होत्या, "ही ऑर्डर जमली तर शेड राहील, नाहीतर पत्रे विकायचे."

अशा वेळी क्यूसीनं जाऊन सांगायचं की नाक बंद हाय? मी नाय सांगितलं. मी डोकं चालवलं. तिथंच चुकलं.

पिशवी उघडताना समोर जिजाबाई असायची. ती नागली निवडून झाली की मला पिशव्या काढून द्यायची. बाई पेठच्या डोंगरातली, पोटात एक आणि चेहऱ्यावर दुसरं असलं काय नाय. मी बोळा काढायचो आणि तिच्या तोंडाकडं बघायचो. तिनं नाक मुरडलं की मी गंभीर होऊन म्हणायचो, "खराब." नाय मुरडलं की, "पास." लय झकास चाललं होतं. मला वाटलं, नाकाची गरजच काय हाय?

मग जिजाबाईची दाढ ठणकायला लागली.

त्या दिवशी बोळा काढला की तिचं तोंड वाकडं. दुसरा काढला, आणखी वाकडं. मी पिशव्यांवर पिशव्या बाद करत सुटलो. मॅडम आल्या, ढीग बघून त्यांचा चेहरा उतरला.

"गोरखभाऊ, एवढ्या खराब? कसं शक्य आहे?"

"हवाच खराब हाय मॅडम."

दुसऱ्या दिवशी जिजाबाई दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवून आली. ठणका थांबला. चेहरा एकदम शांत, देवळातल्या मूर्तीसारखा. तिला लवंगेशिवाय दुसरा वासच येत नव्हता, पण ते मला कुठं माहीत? मी धडाधड पास केल्या. एकसुद्धा बाद नाय.

"आज हवा चांगली दिसते," मॅडम म्हणाल्या.

"एक नंबर," मी म्हटलं.

तो सगळा माल ड्रायरमध्ये गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी जिजाबाई दाढ काढायला गेली. परत आली ती थेट गॅसच्या वासातच. पुढचं तुम्हाला सांगितलंच हाय.

तर मी फाटकाशी उभा. आणखी एक थाप सुचत होती, पण जिजाबाईनं माझा हात सोडला नव्हता.

"नाय आला वास," मी म्हटलं. "लग्नापासून नाय येत."

"मग पिशव्या कशा तपासल्या?"

"जिजाबाईच्या तोंडाकडं बघून."

कुणी हसलं नाय. मग जिजाबाईच बोलली, "तरी म्हटलं हा माणूस एवढा टक लावून का बघतो! मी घरी नवऱ्याला सांगितलं."

"मग? काय म्हणाले?" कुणीतरी विचारलं.

"बोलला, त्याचे डोळे तपासा."

तेव्हा सगळे हसले. मॅडम सोडून. त्या उलट्या क्रेटवर बसून शेडमधला गॅस जायची वाट बघत होत्या.

मग त्या उठल्या आणि ड्रायर उघडला. जिजाबाईनं गालातला कापूस जिभेनं बाजूला केला आणि एकेका ट्रेवर वाकली. तिसऱ्या ट्रेला तिचं तोंड फिरलं. ह्या वेळी ते दाढेमुळं नव्हतं. आंबलेला माल ट्रेमध्ये सगळीकडं मिसळला होता, वेगळा काढायची सोय नव्हती. मॅडम एवढंच म्हणाल्या, "सगळं खड्ड्यात." ट्रे मीच वाहिले.

शेवटचा ट्रे ओतत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, "आणि बाद केलेल्या पिशव्या? त्या ऑटोक्लेव्ह करून टाकल्या ना?"

आमच्यात नियम हाय. बाद पिशवी तशीच टाकायची नाय, आधी कुकरमध्ये घालून मारायची, नाहीतर तिची घाण शेडभर पसरते. हे कामही माझ्याकडंच.

मी रिकामा ट्रे झटकत राहिलो.

"टाकल्या ना, गोरखभाऊ?"

"आज करणार होतो."

"कालही आजच म्हणाला होतात."

"मागच्या खोलीत हायेत. बोळे लावून ठेवल्यात."

मॅडम जिजाबाईला घेऊन जवळजवळ पळतच मागं गेल्या. काही पिशव्या हिरव्या पडल्या होत्या. पण बऱ्याच चांगल्या होत्या, नुसत्या दाढेपायी बाद झालेल्या. दोघींनी आळीपाळीनं वास घेतला आणि पास झालेल्या वेगळ्या रचल्या. मी लांब उभा होतो. माझा चेहरा कुणी बघू नये म्हणून.

हिशेब जेमतेम अर्ध्या ऑर्डरचा बसत होता. मॅडमनी पुण्याला फोन लावला, स्पीकरवर ठेवून. मला ऐकवायचा असणार.

"साहेब, अर्धा माल या आठवड्यात देते. बाकीच्याला पुढची बॅच लागेल."

"कारण?"

"आंबलेला माल पास झाला होता. टाकून दिला."

"पास कसा झाला?"

"तपासणाऱ्याचं नाक बंद होतं."



"मॅडम, मशीन बंद पडल्याचं रोज ऐकतो. नाक पहिल्यांदाच."

"खोटं सांगायचं तर मशीनच सांगितलं असतं, साहेब."

"ते खरं आहे. पाठवा अर्धा. उरलेल्याला मी स्वतः वास घ्यायला येतो."

आला तो माणूस. पांढऱ्या पिशवीत नाक खुपसून जिजाबाईला विचारत होता, "चांगला वास नेमका कसा ओळखायचा?" माल घेऊन गेला. शेड हाय अजून, पत्रे जागेवर हायेत.

मॅडमनी मला काढलं नाय. क्यूसी मात्र जिजाबाईकडं गेलं आणि मी ड्रमवर आलो. जाळ पेटवायचा असेल तर लायटर तिच्याकडून मागून घ्यावा लागतो. घरी अजून सांगतात, आमचे हे क्यूसीत हायेत. कुणाच्या हाताखाली ते सांगत नाय.

आता दारातच झाकणाच्या तीन डब्या ठेवल्यात. ताक, लवंग, कॉफी. रोज ताज्या भरतात. कामाला लागायच्या आधी सगळ्यांनी डोळे मिटून ओळखायच्या, मॅडमनीसुद्धा. बरेच दिवस मी तिन्हींना पाणीच म्हणत होतो. मग एका सकाळी पहिला वास आला तो माझ्याच गमबुटाचा. आनंद झाला, पण फार वेळ टिकला नाय.

एवढ्यातून शिकलो ते एकच. नाक बंद पडलं की तोंड उघडायचं. मी बरोबर उलटं केलं होतं.