उत्तमची गाठ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. नऊ वर्षं झाली. दुपारचा वारा सुटून दाराची कडी वाजायला लागली, की अजूनही मी हातातलं काम टाकून खोलीत येरझारा घालतो. बायकोला वाटतं, त्या दिवसापासून मी वाऱ्याला भ्यायलो. मी तिला तसंच वाटू दिलंय. — पण मला वाऱ्याची नाही, उत्तमची भीती वाटते. त्याचा फोन आला की आधी दोन-तीनदा वाजू देतो. कळलं असेल का याला?

उत्तम कोण, ते आधी सांगायला हवं. मी महागावात शाळामास्तर होतो, आता निवृत्त. फुलसावंगीच्या रस्त्यावर उत्तमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि घर पलीकडच्या बंजारा तांड्यात. आमच्या विहिरीवरची जळालेली मोटर घेऊन मी त्याच्याकडे गेलो, ती दोस्ती झाली. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. मला सर म्हणतो.

नाव त्यानं स्वतःच्या हातानं बांधली. सागाच्या फळ्या, वरून फायबर, दोन वल्ही. आमच्याकडे नाव असते ती मासे धरायला. हा नुसता फिरायला नाव करतोय म्हणून लोक हसायचे. लोहाराकडं वखराची जुनी पास, म्हणजे लोखंडी पातं, नेऊन त्यानं नावेसाठी नांगर करायला सांगितला, तेव्हा लोहारानं विचारलं होतं, "पाण्यात काय पेरतं बावा?"

पैनगंगेवरच्या धरणाचं पाणी डोंगरांत फार आतवर शिरलंय. डोंगराची एकेक सोंड पाण्यात उतरते आणि दोन सोंडांच्या मधे निवांत जागा तयार होतात. तिथं वारा लागत नाही, पाणी आरशासारखं असतं. रविवारी आम्ही या जागा शोधत फिरायचो. उत्तम दोरीला दगड बांधून खोली पाहायचा. तळ खडकाळ असला तर नांगर घसरतो, चिखल असला तर धरतो. मी वहीत नकाशे काढायचो. अशा जागेला तो 'मुक्काम' म्हणायचा.

"आमचे आजे-पणजे बैलावर मीठ लादून हिंडत, सर. पानी, चारा, आडोसा पाहूनच तांडा उतरे. आपन तेच करून राह्यलो."

नाव बांधायची गाठही त्याला आज्यानं शिकवलेली. शेकडो कोस चालून बैलाच्या पाठीवरची गोणी हलू नये अशी. त्या गाठीचा त्याला फार अभिमान होता.

बघा — अजून मी त्या दिवसापाशी आलोच नाही. लोहाराचं सांगतोय, बैलांचं सांगतोय.

फाल्गुनातला रविवार होता. काठावर पळस फुललेले. आम्हाला एक नवीन जागा सापडली होती, तीन बाजूंनी डोंगर. उत्तमनं नांगर टाकला, दोर नावेच्या नाकाजवळच्या कडीला बांधला. पाण्याखाली कुठं खडक आहेत, कुठं बुडालेल्या सागांची खोडं आहेत, ते वरून दिसतं म्हणून तो डोंगर चढणार होता. आमच्याकडं ट्रॅक्टरची एकच ट्यूब होती. मला पोहता येत नाही, म्हणून ती नेहमी माझ्या अंगात असायची. काठ वीसेक हातांवर. पोहत निघण्याआधी तो म्हणाला, "वारं आलं तं भेऊ नका. काही झालं तरी दोर सोडू नका. नांगरानं धरलं हाय तोवर नाव कुठीच जात नाही."

हे त्यानं स्पष्ट सांगितलं होतं. मी स्पष्ट ऐकलं होतं.

अर्ध्या तासात अवकाळी आली. आधी डोंगरामागून काळं आभाळ, मग वावधान, सोसाट्याचं वारं. निवांत म्हणून जी जागा आम्ही निवडली होती तिच्यातच वारा कोंडला आणि वाटेल तसा फिरायला लागला. नाव उसळायची, दोर ताणला जायचा, नाक खाली जायचं आणि ओंजळभर पाणी आत यायचं. ओंजळभरच — आज मी ते मान्य करतो. नाव बुडत नव्हती. नांगरानं घट्ट धरलं होतं. पण मला वाटलं, हा दोरच नावेला खाली ओढतोय. हा सुटला तर नाव काठाला लागेल.

मी तो दोर सोडला.

सोडला म्हणजे काय — सहज हात लागून सुटला नाही. नखं लावली. सुटेना. दात लावले. प्रत्येक लाटेबरोबर दोर क्षणभर ढिला पडायचा, तेवढ्यात एकेक वेढा सैल करायचा, असं बराच वेळ चाललं होतं. उजव्या अंगठ्याचं नख उपसून निघालं, तरी मी थांबलो नाही. थांबून विचार करायला वेळ नव्हता असं म्हणू का? वेळ होता. ती गाठच मला वेळ देत होती.

दोराचं टोक पाण्यात गेलं आणि नाव काठाकडं न जाता उलट बाहेर, मोठ्या पाण्यावर फेकली गेली. तेव्हा उत्तम डोंगरावरून धावत येताना दिसला. त्यानं पाहिलं — सर वाहून चालले. त्यानं काठावरून उडी मारली. मला वाचवायला. एकदा त्याचा हात वर आलेला दिसला, मग दिसला नाही.

माझी नाव पलीकडच्या चिखलात जाऊन रुतली. मला ओरखडाही नाही, अंगठा सोडला तर. तिथल्या मासे धरणाऱ्या दोघांनी वारा ओसरल्यावर जाऊन उत्तमला आणलं. पाण्याखालच्या खोडावर त्याचा खांदा फुटला होता, आणि एका हातानं त्याच खोडाला धरून तो तासभर राहिला होता. शुद्धीवर होता. मला पाहून त्यानं आधी विचारलं, "सर, तुमाले लागलं तं नाही ना?" आणि मग, "काय झालं? दोर तुटला का?"

मी म्हणालो, "नाही. गाठ सुटली."

'गाठ सुटली' — दोनच शब्द. तुटला म्हटलं असतं तरी खोटंच झालं असतं, पण निदान दोराच्या माथी गेलं असतं. दवाखान्यात त्याच्या बायकोनं, शांतावहिनींनी, माझ्या अंगठ्याकडं पाहून विचारलं, काय झालं? खडकावर आपटला, म्हणालो. त्यांनी नर्सकडून पट्टी आणून बांधून दिली.

वैशाखात पाणी उतरलं तेव्हा उत्तम गळ्यात हात अडकवून मला तिकडं घेऊन गेला. त्याला आशा होती की दोर तुटला असेल. नांगर चिखलात तसाच रुतलेला, दोर पुरा, टोक शाबूत. ते टोक त्यानं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाला, "माहीच चूक हाय सर. तुमचा जीव गेला असता."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माफ केल्यासारखा.

त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. मोटरी भरतो, पण सावकाश. नाव त्यानं फोडली. तांड्यात त्याला 'ढिली गाठ' म्हणून चिडवतात, आणि शेळी बांधली तरी तो तीनदा मागे येऊन दावं ओढून पाहतो. त्याची म्हातारी आई, तो तिला याडी म्हणायचा, वारली, ती घराण्याची गाठ आपल्या लेकाच्या हातून गेली असं समजूनच.

यंदा धरणावर फिरायच्या नावा सुरू झाल्या. चालवणारे उत्तमच्या दुकानात आले, मीही तिथं होतो. सगळ्या जागा तुम्हाला माहीत, तुम्हीच या, म्हणाले. उत्तम खाली मान घालून तार गुंडाळत होता. "माह्या गाठीवर मानसं नका सोपवू. सरले घ्या. सरपाशी सारं लिहून हाय."

तेव्हा सांगता आलं असतं. दुकानात आम्ही चौघंच होतो. मी चहाचा कप खाली ठेवला आणि त्यांना होकार दिला.

आता रविवारी मी लोकांना त्या जागा दाखवतो. या कुणी शोधल्या, असं विचारलं तर 'आम्ही' म्हणतो. मागच्या रविवारी उत्तम पहिल्यांदाच काठावर आला. लोक नावेत बसत होते. तो वाकला, डाव्या हातानं मी बांधलेला दोर ओढून पाहिला, आणि म्हणाला, "सर, तुमची गाठ चांगली बसली."

मी हो म्हणालो, आणि नाव पाण्यात घेतली.