आईचा पासवर्ड

माझं ईमेल कुणीतरी उघडलं, तेव्हा माझा पासवर्ड होता माझं नाव आणि जन्मसाल. ओळखीच्या सगळ्यांना माझ्या नावाने भलत्यासलत्या लिंका गेल्या. घाबरून मी आकडे आणि चिन्हं घालून असा काही नवा पासवर्ड केला, की आठवड्यात तीनदा तो मीच विसरले.

भोईवाड्याला आईकडे गेले असताना हे बोलले, तर ती म्हणाली, माझा पंचवीस अक्षरांचा आहे आणि कुठेही लिहून ठेवलेला नाही.

मला खरं वाटेना. सत्तरीची बाई, मोबाइल हातात येऊन चार वर्षं झालेली. कुलदेवी असेल का? गावाचं नाव? दर रविवारी मी नवा अंदाज घेऊन जायचे आणि ती नुसती मान हलवायची.

मग तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्याने बारीक दिसत नव्हतं, आणि रिपोर्ट तिच्या ईमेलवर आलेले. तिने मला जवळ बसवलं.

"इंग्रजी अक्षरांत लिही, सगळं जोडून. खोकला, पैंजण, बादली, रेडिओ. पुढे सत्तावीस."

मेल उघडलं. रिपोर्ट राहिले बाजूला, हे शब्द कुठले ते मी आधी विचारलं. सत्तावीस हा लालबागच्या चाळीतला आमचा खोलीनंबर, एवढं मला कळलं होतं. बाकीचं तिने सांगितलं. पहाटे पाणी आलं की ती अंथरुणातूनच ऐकायची. पहिल्या खोलीतले आजोबा खोकत उठायचे. मग नव्या सुनेची पैंजणं, मग कोपऱ्यातल्या मावशींची पत्र्याची बादली. समोर रेडिओ लागला की नळावर आपली पाळी.

"एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, म्हणून कुणाला सुचणार नाही," ती म्हणाली. "आणि मला पाठ करावं लागत नाही."

त्या खोलीत मी तिच्या शेजारीच झोपायचे. मला यातलं एकही आठवेना.

पट्टी निघाल्यावर तिने पासवर्ड बदलला. तेवढ्या वेळात मला चहा टाकायला आत पाठवलं. आता कुठले आवाज घेतलेस, मी कप देताना विचारलं.

"या वेळी वास आहेत," ती म्हणाली, आणि मोबाइल पालथा ठेवून कप उचलला.

परत निघाले ती चालतच, माझ्यासाठी चार शब्द शोधत. दादर येईपर्यंत तीनच सापडले.