दारातला हंडा

दत्ताचा फोन आला तेव्हा हर्सूलच्या आमच्या शाळेत पेपर नुकताच संपला होता आणि मी गठ्ठे बांधत होते. दत्ता म्हणजे वरच्या खोलीतला आमचा भाडेकरू. "काकू, लवकर या. आजी पायरीवर बसल्यात, पण बोलंनात…" एवढंच तो म्हणाला. मी पोहोचले तोवर सगळं संपलं होतं. माझ्या सासूबाई, आमच्या आई, अंगणातल्या पायरीवर भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी, आणि पदर अजून कमरेला खोचलेला. ड्रम काठोकाठ भरले होते, त्यांवर फडकी बांधली होती आणि नळ नीट बंद केलेला होता.

तो पाण्याचा दिवस होता. आमच्या शहरातल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. आईंचं माहेर खुलताबादचं. वडिलांच्या विहिरीचं पाणी किती गोड, हे त्या जन्मभर सांगत राहिल्या आणि इथल्या नळाला नावं ठेवत राहिल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा नळ रोज यायचा म्हणे. मग एक दिवसाआड, मग चार दिवसांनी, मग आठवड्याने… नातवंडांचे वाढदिवस त्या खुशाल विसरायच्या, पण पाण्याच्या वाराला कॅलेंडरवर लाल गोल असायचाच. पाणी सोडणाऱ्या माणसाशी त्यांचं असं काही सूत जुळलं होतं, की नळ कधी येणार हे सगळी गल्ली त्यांनाच विचारायची. पाण्याच्या दिवशी घरात कुणाची धडगत नसे. चिंच लावून हंडे-कळशा घासायच्या, ड्रम खरवडायचे, पाहुणा आला तरी त्याच्या हातात बादली द्यायची. मी मनातल्या मनात खूप चरफडायचे, हे आज कबूल करते.

सगळ्यात आधी भरायचा तो तांब्याचा हंडा. तो घरात यायचाच नाही, दारातच राहायचा. नवी नवरी होते तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. अंगण स्वच्छ दिसावं म्हणून मी एकदा उत्साहाने तो अख्खा हंडा ओतून सडा घातला. संध्याकाळी वाळूजच्या कंपनीतून तेव्हाचे भाडेकरू परतले, तर त्यांना हातपाय धुवायलाही पाणी नाही. ते शिफ्टला असताना नळ येऊन गेलेला. आईंनी आमच्या पिण्याच्या माठातलं पाणी त्यांना दिलं आणि पुढचे चार दिवस आम्ही अर्ध्या बादलीत अंघोळी उरकल्या. मला त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दारातला हंडा कुणाच्या नावाचा नसतो, वैशाली. ज्याला लागंल त्याचा."

आई गेल्या त्या दिवशी सकाळी मी चप्पल घालत होते तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आज राह्य की घरी. पाणी हाय."

"आई, परीक्षा आहेत. रजा नाही मिळायची."

"बरं, जाय तू. भरते मी."

डॉक्टर म्हणाले, तुम्ही घरी असतात तरी काही करता आलं नसतं. सगळे तेच म्हणतात. मला ते पटत नाही आणि पटेल असं वाटतही नाही. त्यांची शेवटची अंघोळ त्यांनीच भरलेल्या पाण्याने झाली. पहिला तांब्या मी ओतला.

पुढच्या दोन्ही पाण्याच्या दिवशी ड्रम पाहुण्यांनी भरले, पण हंड्याला मी कुणाला हात लावू दिला नाही. आईंच्या हातचं शेवटचं पाणी होतं ते. तेरावा झाला, पाहुणे गेले आणि एका दुपारी दत्ताची बायको सुरेखा खाली आली. बराच वेळ दारात घुटमळली.

"काकू, वरचं पाणी सरलंय. भांड्यापुरतं हंड्यातलं घेऊ का?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं… आणि मग बाजूला झाले. तिने दोन बादल्या नेल्या. तळाशी उरलं ते मी मोगऱ्याला घातलं आणि रिकाम्या हंड्याशी बसून पहिल्यांदा पोटभर रडले.

मागच्या आठवड्यात रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं, "घरी पाणी येणार आहे." मुख्याध्यापिकाबाईंनी तो वाचला, काही न विचारता सही केली. पाण्याच्या दिवशी सकाळी मी चिंच लावून हंडा घासला, नळ आल्यावर आधी तोच भरला. ड्रम भरून झाले, नळ बंद केला, कमरेला खोचलेला पदर तसाच ठेवून पायरीवर टेकले. शेजारी बरीच जागा मोकळी होती.

"राहिले बघा, आई, घरी," मी म्हणाले.