दुधाची पेटी, लसीची पेटी

यशपालचा कारखाना सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यांच्या दाटीत आहे. नवख्या माणसाला शोधून सापडत नाही. यशपाल बुधवार पेठेत वाढला. आई मुक्ताबाई दवाखान्यात आया होत्या. इलेक्ट्रॉनिक्स शिकून बरोबरीचे मित्र पुण्याला गेले. हा इथंच राहिला आणि शाळेपासूनचा सोबती गुरुशांत याच्या भागीदारीत त्यानं एक छोटी पेटी तयार केली. दूध संकलन केंद्रातल्या टाकीतलं दूध तापायला लागलं, की ही पेटी थेट मालकाच्या मोबाइलवर फोन करायची. माढ्यापासून जेऊरपर्यंत दूधवाल्यांनी ती उचलून धरली.

धाकटी बहीण चैताली एका आरोग्य केंद्रात नर्स होती. एका सोमवारी ती तोंड पाडूनच घरी आली. सुट्टीत वीज गेली, फ्रिज बंद पडला आणि सगळी लस वाया गेली होती. लांबून बाळं घेऊन आलेल्या बायकांना तिला तसंच परत पाठवावं लागलं.

"दादा, तुझ्या दुधाला राखण आहे," ती म्हणाली. "लसीला कोण आहे?"

यशपाल त्याच रात्री कामाला लागला. त्यानं लसीच्या फ्रिजला बसेल अशी पेटी केली आणि आसपासच्या केंद्रांना फुकट वाटली. पेपरात फोटो आला, सत्कार झाला. पुढं कधीतरी तो पाहायला फिरला, तर निम्म्याहून जास्त पेट्या बंद. एके ठिकाणी तर पेटीचा प्लग काढून तिथं मोबाइल चार्जिंगला लावलेला.

"लोकांना किंमतच नाही," घरी येऊन तो चिडून म्हणाला.

"बिघडली तर काय करायचं, हे कुणाला शिकवलंस का?" चैतालीनं विचारलं. "दूधवाल्यानं हाक मारली की धावतोस. आमच्याकडं नुसती ठेवून आलास."

हे त्याला लागलं. तेव्हापासून त्यानं रीत बदलली. पेटी द्यायच्या आधी केंद्रातल्याच एकाला कारखान्यात बोलवायचं आणि ती उघडायला, दुरुस्त करायला शिकवायचं. पेट्या चालू राहू लागल्या.

मग थेट आफ्रिकेतल्या मलावीहून विचारणा आली. तिथल्या एका संस्थेला लसीच्या शेकडो पेट्या दान म्हणून हव्या होत्या. यशपालनं कळवलं, 'पेट्या नाही पाठवत. माणूस पाठवा. बनवायलाच शिकवतो.'

व्यापाऱ्याच्या घरातला गुरुशांत अस्वस्थ झाला. "अरे, सगळी कारागिरी देऊन टाकली तर आपल्या हातात काय राहील?"

"दूध राहील की," यशपाल म्हणाला. "दुधात धंदा करू, चांगला दाबून करू. पण लेकरांची लस वाचवायची वस्तू कुलपात कशी ठेवायची?"

आली ती चिसोमो, तिशीतली तंत्रज्ञ. मुक्ताबाईंनी तिला घरीच ठेवून घेतलं. शेंगाचटणीनं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा त्यांनी दह्याची वाटी पुढं सरकवली. "लई तिकट लागलं व्हय? दमानं खा." भाषा कळली नाही, पण चिसोमोनं वाटी घेतली. दिवसभर ती कारखान्यात पेट्या खोलायची, जोडायची आणि यशपालला प्रश्नांनी अडवायची. जिथं मोबाइलला रेंजच नाही, तिथं काय?

याचं उत्तर शेवटी तिनंच शोधलं. मायदेशी जाऊन तिनं पेटीला भोंगा बसवला. तो वाजला, की शेजारपाजारचं कुणीही धावत येतं. तिनं सगळी रचना यशपालला आपण होऊन पाठवून दिली. आता वैरागकडच्या रेंज नसलेल्या वस्त्यांवरचे दूधवालेही भोंग्याची पेटी मागतात.

"तिला काय द्यायचं आपण?" हा प्रश्न या वेळी गुरुशांतनंच काढला. यशपालनं फोन करून विचारलं. ती म्हणाली, "शेजारच्या झांबियातून काहीजण शिकायला येणार आहेत. तू शिकवायला ये."

यशपाल अजून विमानात बसलेला नाही. पासपोर्ट मात्र परवा आला. तो परत येईपर्यंत कारखाना गुरुशांत बघणार आहे, आणि भागीदार आफ्रिकेत शिकवायला चाललाय, हे त्यानं सगळ्या एमआयडीसीला सांगून टाकलंय.